मसाजच्या छोट्या सेंटरसाठी गिफ्ट सर्टिफिकेट: काय ठरवायचं, काय छापायचं, कसं विकायचं आणि कसं निभवायचं

गिफ्ट सर्टिफिकेट म्हटलं की वाटतं एक छानसं कार्ड छापायचं, पैसे घ्यायचे, झालं काम. आणि विकायचा भाग खरंच तेवढा कठीण नाहीये, कारण मसाज ही अशी गोष्ट आहे की माणूस स्वतःवर खर्च करताना दहादा विचार करतो पण दुसऱ्याला द्यायचा म्हटलं की पटकन हो म्हणतो. कस लागतो तो पुढे. आज जे पैसे गल्ल्यात आले ते तुम्ही अजून कमावलेलेच नाहीत, तो कोणाचातरी तासभर तुमच्यावर उधार आहे, आणि तो माणूस पुढच्या आठवड्यात येणार की अकरा महिन्यांनी येणार की येणारच नाही हे तुम्हाला माहीत नसतं. म्हणून खाली विक्रीच्या युक्त्या आहेतच, पण जास्त जागा या उधारीला दिलीये, कारण छोट्या सेंटरची गोची तिथेच होते.

एकटा थेरपिस्ट किंवा फार तर दोन-तीन टेबलं असं धरून लिहितेय. मोठ्या स्पाकडे सॉफ्टवेअर असतं, रिसेप्शनला माणूस असतो, एकाच दिवशी आठ सर्टिफिकेटवाले आले तरी त्यांना फरक पडत नाही. आपल्याला पडतो.

आधी हे ठरवा: रक्कम विकायची की सेशन

दोन पद्धती आहेत. एकात सर्टिफिकेटवर रक्कम लिहिलेली असते, तेवढ्याचं काहीही घ्या. दुसऱ्यात सर्व्हिस लिहिलेली असते, म्हणजे "६० मिनिटांचा मसाज". रकमेवालं हिशोबाला सोपं, तुम्ही उद्या रेट वाढवले तरी तुमचं नुकसान नाही, ज्याला भेट मिळालीये तो वरचा फरक भरतो. पण गंमत अशी की भेट देणाऱ्याला ते आवडत नाही, कितीची भेट दिली हे समोरच्याला दिसावं असं कोणालाच वाटत नसतं, आणि घेणाऱ्यालाही शेवटी वर पैसे भरावे लागले की भेट अर्धवट वाटते.

माझं मत सेशनच्या बाजूने. कार्डावर "६० मिनिटं" किंवा "९० मिनिटं" छापा आणि किती पैसे घेतले ते फक्त तुमच्या रजिस्टरमध्ये राहू द्या. रेट वाढले तर? मधल्या काळात वाढलेला फरक तुम्ही सोसायचा, ही या पद्धतीची किंमत आहे, ती मान्य करूनच सुरुवात करा. वर्षातून एकदा थोडे रेट वाढवणाऱ्या सेंटरला हा फरक फार जड जात नाही. एकदम मोठी वाढ करायची असेल तर आधी महिनाभर सर्टिफिकेटचे रेट वाढवा आणि मग बाकीचे.

मसाजचा प्रकार मात्र छापू नका. डीप टिश्यू, म्हणजे खोलवर जोरात दाब देणारा मसाज, स्वतःला आवडतो म्हणून माणूस बायकोला डीप टिश्यूचं सर्टिफिकेट घेऊन जातो आणि तिला साधा दाबही सहन होत नसतो, असं होतंच. शरीर तिचं आहे, प्रकार ती आल्यावर ठरेल. "६० मिनिटांचा मसाज, प्रकार येणाऱ्याच्या गरजेप्रमाणे" एवढं पुरे. प्रकाराप्रमाणे तुमचे रेट वेगळे असतील तर गिफ्टसाठी एकच रेट काढा जो मधला असेल, नाहीतर टेबलाजवळ उभं राहून फरकाचं गणित करावं लागतं आणि ते फार वाईट दिसतं.

३० मिनिटांचं सर्टिफिकेट ठेवूच नका असं मी म्हणेन. पहिल्यांदा येणारा माणूस, त्याचा फॉर्म भरायचा, दुखणं विचारायचं, त्याला बावरल्यासारखं झालेलं असतं, त्यात ३० मिनिटं म्हणजे हात स्थिरावतायत तोवर वेळ संपते. आणि ६० म्हणजे टेबलवरची ६० की आत आल्यापासूनची ६० हे कार्डावर स्पष्ट लिहा. "टेबलवर पूर्ण ६० मिनिटं, १५ मिनिटं आधी या" असं लिहिलं की विषय मिटला.

मुदत: छापायच्या आधी कायदा बघा

सहा महिन्यांची मुदत सर्रास छापतात सगळे. पण बऱ्याच देशांत गिफ्ट सर्टिफिकेटला किमान किती मुदत असली पाहिजे हे कायद्यानेच ठरवलंय आणि तिथे तुम्ही कार्डावर काहीही छापलं तरी ते चालत नाही. अमेरिकेत २००९ च्या फेडरल कायद्याने किमान ५ वर्षं आहे आणि काही राज्यांचे नियम त्याहून कडक आहेत. आयर्लंडमध्ये २०१९ पासून ५ वर्षं, ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१९ पासून विकलेल्यांना ३ वर्षं. बाकी ठिकाणी वेगळं. तुमच्या इथे काय आहे ते ग्राहक खात्याच्या साइटवर नाहीतर अकाउंटंटकडून छपाईच्या आधी कळून घ्या, छापून झाल्यावर नाही.

कायदा काहीच म्हणत नसला तरी मुदत लांब ठेवा. कारण साधं आहे, मुदत संपलेलं कार्ड घेऊन दारात आलेल्या माणसाला परत पाठवून तुम्ही एक तास वाचवता आणि दोन माणसं गमावता, एक आलेला आणि एक ज्याने पैसे दिले होते तो. मुदत गेलीच असेल तर जेवढे पैसे मिळाले होते तेवढे आजच्या रेटमधून वजा करा आणि वरचे घ्या, यावर सहसा कोणी भांडत नाही. अर्थात कायद्याची मुदत संपलेली असेल तेव्हाच.

फुकट वाटलेली वेगळी. शाळेच्या कार्यक्रमाच्या लकी ड्रॉला दिलेलं, किंवा "दोन घेतलीत तर पुढच्या वेळी १५ मिनिटं जास्त आमच्याकडून" वालं, यांना छोटी मुदत ठेवायला साधारण हरकत नसते कारण त्याचे कोणी पैसे दिलेले नसतात, फक्त मुदत आणि "प्रमोशनल" हा शब्द ठळक दिसला पाहिजे. रंग वेगळा ठेवा, नंबरची सिरीज वेगळी ठेवा. ही आणि विकलेली एकत्र झाली की वर्षाच्या शेवटी हिशोबात कोण कुठलं ते कळत नाही.

पैसे कुठे ठेवायचे

वेगळ्या खात्यात. याच्यावर मी जरा हटूनच बसते. गिफ्टचा सीझन असतो तेव्हा एका महिन्यात एवढी रोकड येते की हात सैल सुटतो, नवीन टेबल घेतलं जातं, भाडं भरलं जातं, आणि पुढचे दोन-तीन महिने माणसं कार्ड घेऊन यायला लागतात तेव्हा दिवसभर काम करूनही संध्याकाळी गल्ला रिकामा. काम पूर्ण, कमाई शून्य, कारण ती आधीच खाल्लेली. म्हणून सर्टिफिकेटचा पैसा आला की दुसऱ्या खात्यात, आणि ज्या दिवशी माणूस टेबलवरून उठला त्या दिवशी तेवढी रक्कम चालू खात्यात. अगदीच शक्य नसेल तर निदान निम्मे तरी बाजूला ठेवा.

हिशोबाच्या भाषेतही ही रक्कम विक्रीत धरत नाहीत, देणं म्हणून दाखवतात, आणि सर्व्हिस दिली की ती उत्पन्नात येते. टॅक्सचं मात्र देशागणिक वेगळं आहे. युरोपियन युनियनमध्ये २०१९ पासून एकाच ठराविक सर्व्हिसचं, ज्याचा टॅक्स विकतानाच माहीत आहे असं व्हाउचर असेल तर टॅक्स विकताना लागतो, आणि टॅक्स विकताना ठरवता येत नसेल, जसं वेगवेगळ्या टॅक्सच्या गोष्टींवर वापरता येणारं, तर वापरताना. म्हणजे वरचा रक्कम की सेशन हा निर्णय टॅक्सपर्यंत जाऊ शकतो. अकाउंटंटला एकच प्रश्न विचारा: मी हे असं कार्ड विकतेय, टॅक्स कधी भरायचा, विकताना की वापरल्यावर?

हाताखाली थेरपिस्ट असेल तर तिचा मोबदला काम केल्यावर, विकल्यावर नाही. तुम्ही सर्टिफिकेट डिस्काउंटमध्ये विकलं असेल तरी तिला पूर्ण रेटवरच हिस्सा द्या, डिस्काउंटचा निर्णय तुमचा होता, तिचे हात तेवढेच दमणार आहेत. हा नियम आधीच बोलून ठेवला नाही तर सर्टिफिकेटवाले क्लायंट नकोसे व्हायला लागतात, आणि ते क्लायंटला कळतंच.

किती विकायची याचं गणित

कपड्याच्या दुकानाने हजार व्हाउचर विकली तरी माल मागवता येतो. इथे माल म्हणजे तुमचे हात आणि आठवड्याचे तास, ते वाढत नाहीत.

समजा आठवड्याला २० सेशन होतात. सीझनमध्ये ६० सर्टिफिकेट विकली. ही सगळी पुढच्या चार आठवड्यांत आली तर आठवड्याला १५ सेशन आधीच पैसे मिळालेली आणि फक्त ५ नवीन पैशांची. त्यात तुमचे कायमचे क्लायंट, ज्यांना ठरलेल्या दिवशी वेळ लागते, त्यांना "या आठवड्यात जागा नाही" सांगावं लागणार, आणि ते दुसरीकडे गेले की गेले. आता उलटं बघा, आठवड्याला ५ सर्टिफिकेटवाले झेपतात असं धरलं तर ६० संपायला १२ आठवडे. हे ठीक आहे.

म्हणून माझा ठोकताळा असा: न वापरलेली सर्टिफिकेट मोजा, आठवड्याला झेपणाऱ्या आकड्याने भागा, उत्तर १२ च्या वर गेलं की जाहिरात आणि ऑफर बंद करा. कोणी आपणहून मागितलं तर द्या, पण ढोल वाजवू नका. आणि लक्षात घ्या, मर्यादा विकण्यावर घालायची, वापरण्यावर नाही. "फक्त मंगळवार दुपारी चालेल" असं कार्डावर छापणं म्हणजे भेट देऊन हात आखडणं. फोनवर बुकिंग घेताना आधी रिकाम्या वेळा सुचवा, बहुतेक माणसं तीच घेतात, ज्याला शनिवारच हवा त्याला शनिवार द्या.

कार्डावर काय असावं

- सेंटरचं नाव, पत्ता, फोन, बुकिंग कसं करायचं
- नंबर आणि दिल्याची तारीख
- कोणासाठी, कोणाकडून (हे हाताने लिहायला जागा मोठी ठेवा, छोट्या रेघेवर कोणाचंच नाव मावत नाही)
- काय मिळणार, किती मिनिटं
- मुदत, किंवा "मुदत नाही"
- टिप धरलेली आहे की नाही, जिथे टिपची पद्धत आहे तिथे
- चार-पाच ओळीत शर्ती, मागच्या बाजूला
- तुमची शाईची सही

डिझाइनबद्दल एकच सांगते, ते गुळगुळीत काळे दगड, बांबू आणि पांढरं फूल प्लीज नको. जगातल्या अर्ध्या मसाज कार्डांवर तेच आहे, आणि भेट पुरुषाला द्यायची असेल तर विकत घेणारा तिथेच अडखळतो. जाड कागद, तुमचं नाव, मोकळी जागा, बास. "प्रोफेशनल थेरप्युटिक मसाज" हे शब्द मात्र असू द्या, कारण ऑफिसमधल्या कोणाला किंवा सासूबाईंना मसाज भेट द्यायचा तर देणाऱ्याच्या मनात थोडी चुळबुळ असते, गैरसमज नको म्हणून, ती या शब्दांनी कमी होते.

नंबर सरळ १, २, ३ देऊ नका. पुढे चालू नंबर आणि मागे दोन-तीन अक्षरं मनाला येतील ती, जसं ०१४७-खपट. कोणी कार्डाची नक्कल केली किंवा अंदाजाने नंबर सांगितला तर अक्षरं जुळणार नाहीत. आणि मनाशी पक्कं करा की पैसे त्या कागदात नसून तुमच्या रजिस्टरमध्ये आहेत. मोबाईलवर फोटो दाखवला तरी चालेल, कार्ड हरवलं तरी चालेल, रजिस्टरमध्ये नंबर उघडा, म्हणजे न वापरलेला, असेल तर सेशन द्यायचं, बंद असेल तर नाही.

रजिस्टर म्हणजे वही पण चालते, शीट असेल तर उत्तम. कॉलम हे: नंबर, विकल्याची तारीख, विकत घेणाऱ्याचं नाव आणि फोन, कोणासाठी, काय, किती पैसे, कसे आले, कधी वापरलं, कोणी सेशन दिलं, काही शिल्लक आहे का. महिन्यातून एकदा न वापरलेल्यांची बेरीज करा आणि ती वेगळ्या खात्यातल्या रकमेशी जुळतेय का बघा. जुळत नसेल तर लगेच शोधा, तीन महिन्यांनी काही आठवत नाही. शीट असेल तर दुसरीकडे कॉपी ठेवा, वही असेल तर दर आठवड्याला पानांचे फोटो.

ऑनलाइन म्हणजे पीडीएफ मेलने किंवा व्हॉट्सअॅपने पाठवायची सोय जरूर ठेवा. भेटीचं आदल्या रात्री आठवणारी माणसं हाच तुमचा मोठा गिऱ्हाईक वर्ग आहे. पीडीएफवरही तसाच नंबर, रजिस्टर तेच.

शर्ती, आणि त्यातल्या दोन ज्या खरंच त्रास देतात

दुसऱ्याला देता येईल का? द्या. नाव बदललं तर तुमचं काय जातं, उलट न येणाऱ्याऐवजी येणारा मिळतो. रोख परत मिळेल का? साधारण नाही, पण जिथे कायदा परत द्यायला सांगतो तिथे द्यावंच लागतं, आणि विकल्यावर दोन-चार दिवसांत कोणी परत मागितलं तर वाद न घालता देऊन टाका. शिल्लक राहिली तर रजिस्टरमध्ये लिहा, पुढच्या वेळी वापरा.

त्रासाची पहिली गोष्ट, वेळ घेऊन न येणं. भेट मिळालेल्या माणसाने खिशातून काही दिलेलं नसतं, त्यामुळे "आज कंटाळा आलाय, नको" हे त्याला सहज वाटतं, इकडे तुमचा तास वाया. नियम छापा: २४ तास आधी कळवलं तर काही नाही, न कळवता आला नाहीत तर सर्टिफिकेट वापरलं असं धरणार. आणि पहिल्या वेळी तो नियम सोडून द्या, पण सोडून देतोय हे सांगून. नियम बुकिंगच्या वेळी तोंडी सांगा आणि आदल्या दिवशी मेसेज टाका, त्या मेसेजनेच बरंचसं काम होतं.

दुसरी गोष्ट टिप. जिथे टिपची पद्धत आहे तिथे भेट घेऊन आलेला माणूस शेवटी दारात घुटमळतो, दिली गेलीये का, किती द्यायची, काही कळत नाही, आणि तो अवघडलेपणा सगळ्या मसाजवर पाणी फिरवतो. विकतानाच देणाऱ्याला विचारा, "टिप यातच घालायची का?" बहुतेक जण हो म्हणतात. मग कार्डावर "टिपसकट" लिहा आणि ती रक्कम रजिस्टरला वेगळी, थेरपिस्टच्या नावाने.

विकायचं कसं

पहिला खरेदीदार म्हणजे तुमचाच जुना क्लायंट. ज्याची मान आत्ता मोकळी झालीये त्याच्यापेक्षा चांगला सेल्समन तुम्हाला मिळणार नाही. वेळ पण तीच, टेबलवरून उठून, पाणी पिऊन, पैसे देताना. टेबलवर असताना विक्रीचा एक शब्दही काढू नका, ती त्याची वेळ आहे. पैसे देताना एवढंच म्हणा: "आम्ही गिफ्ट सर्टिफिकेट पण देतो, कोणाला द्यायचं असेल तर सांगा." पुढे गप्प. लगेच नाही घेणार, पण डोक्यात राहतं.

काउंटरवर एक भरलेलं नमुना कार्ड उभं करून ठेवा, नावासकट, पाकिटासकट. कोरी कार्डं गठ्ठ्याने ठेवली की जाहिरातीची पत्रकं वाटतात आणि लोक बघत नाहीत. एक छोटी पाटी कपडे बदलायच्या खोलीत, तिथे माणूस एकटा असतो आणि वाचतो. भेटी द्यायचे दिवस जवळ आले की दोन-तीन आठवडे आधी जुन्या क्लायंटना एक मेसेज आणि अगदी शेवटच्या दोन दिवसांत एक, "मेलवर लगेच मिळेल" असा. तेवढेच. रोज मेसेज टाकाल तर ब्लॉक व्हाल.

ऑफिसं आणि छोटे व्यावसायिक हा चांगला रस्ता आहे, एकदम दहा-वीस घेतात. पण वरचं गणित विसरू नका आणि त्यांना सांगा की टप्प्याटप्प्याने वाटा.

डिस्काउंट द्यायचा की नाही? मी शक्यतो रेट कमी करत नाही. रेट कमी केला की जुना क्लायंट स्वतःसाठीच सर्टिफिकेट घेऊन ठेवतो, म्हणजे तुम्ही तुमच्याच पक्क्या गिऱ्हाईकाला स्वस्तात विकलंत. त्यापेक्षा देणाऱ्याला काहीतरी जास्तीचं द्या, जसं दोन घेतली तर त्याच्या स्वतःच्या पुढच्या सेशनला १५ मिनिटं जास्त, प्रमोशनल कार्डावर, छोट्या मुदतीसह. डील विकणाऱ्या साइट्सपासून तर लांबच राहा, निम्म्या किमतीला विकायचं आणि त्यातला मोठा हिस्सा साइटने घ्यायचा, तुमच्या हातात जे उरतं त्यात तेल-चादरीचा खर्च पण निघणं मुश्किल, आणि येणारा माणूस पुढच्या स्वस्त डीलकडे जाणारा असतो.

ऑनलाइन विकताना एक फसवणूक माहीत असू द्या. अनोळखी माणूस एकदम बरीच महागडी सर्टिफिकेट मागतो, घाई करतो, पैसे बँकेच्या कार्डने देतो. ते कार्ड चोरीचं निघालं तर महिन्या-दोन महिन्यांनी बँक पैसे परत ओढून घेते आणि तोवर सर्टिफिकेट कोणालातरी विकली गेलेली असतात. दुसरा प्रकार, "चुकून जास्त पैसे पाठवलेत, वरचे परत करा." काहीही परत करू नका, पैसे खरंच आलेत का ते बँकेकडून पक्कं करा, आणि करायचंच असेल तर पूर्ण व्यवहार रद्द करून ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने. मोठ्या ऑर्डरची कार्डं फोनवर बोलल्याशिवाय चालू करायची नाहीत.

कार्ड घेऊन आलेला माणूस

हा माणूस तुमच्याकडे स्वतःहून आलेला नाहीये. त्याने तुमची माहिती वाचलेली नाही, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच मसाज घेतोय, आणि त्याला मसाज हवा होता की नाही हेही माहीत नाही. त्यामुळे बुकिंगचा फोन पाच मिनिटं जास्त चालू द्या. कपडे किती काढायचे ते तुमच्यावर, पूर्ण वेळ अंगावर चादर असते, दाब जास्त वाटला तर सांगायचं, स्त्री थेरपिस्ट हवी की पुरुष चालेल, हे सगळं फोनवरच. तिथे आल्यावर विचारलं तर संकोचाने "काहीही चालेल" म्हणतात.

तब्येतीचं पण फोनवर विचारा, कारण देणाऱ्याने ते बघितलेलं नसतं. ताप, त्वचेचा संसर्ग, पायात रक्ताची गुठळी झालेली किंवा तसा संशय, नुकतंच ऑपरेशन, रक्त पातळ करायच्या गोळ्या, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू, गरोदरपण. यात काहींना थांबायला सांगायचं, काहींना डॉक्टरला विचारून या म्हणायचं, काहींना हलक्या हाताने चालतं. पोटरी एकाच बाजूला सुजलीये, दुखतेय, गरम लागतेय असं कोणी म्हणालं तर मसाज नाही, आधी डॉक्टर, आणि आजच. सर्टिफिकेट आहे म्हणून नाही म्हणायला लाजू नका. ते तसंच ठेवा, मुदत वाढवून द्या, किंवा घरातल्या दुसऱ्याला वापरू द्या.

आत आल्यावर पहिलं वाक्य "सर्टिफिकेट आणलंय का?" नको. नंबर बुकिंगलाच घेतलेला असतो. पूर्ण पैसे देऊन आलेल्या क्लायंटसारखंच सगळं, तेवढीच मिनिटं, तेच तेल. मसाज चालू असताना जास्तीच्या सर्व्हिस गळ्यात मारू नका, भेटीच्या तासात पाकीट काढायला लावणं बरं दिसत नाही. झाल्यावर कार्डावर रेघ, रजिस्टरला तारीख, कार्ड तुमच्याकडे जमा, आणि मग साधं विचारा, "खांदा अजून एकदा बघायला हवा, तीन आठवड्यांनी वेळ लिहून ठेवू का?" दुखणं खरंच तसं असेल तरच. सर्टिफिकेटचा खरा फायदा हा दुसरा मसाज आहे, जो तो माणूस स्वतःच्या पैशाने घेतो.

देणाऱ्याचा फोन येतो कधीकधी, "ती आली होती का? काय म्हणाली, पाठीचं काय निघालं?" वापरलं की नाही एवढं सांगायला हरकत नाही, पैसे त्याचे आहेत. तब्येतीचं एक अक्षर नाही, नवरा असला तरी.

जी येत नाहीत ती

थोडी कार्डं ड्रॉवरमध्ये पडून राहतातच. काही जण याला फुकटचा नफा समजतात आणि आठवण करून देत नाहीत. मला हे पटत नाही, आणि हे भलेपणा म्हणून नाही, न आलेला माणूस दुसऱ्यांदा पण येत नसतो ना. शिवाय अमेरिकेतल्या काही राज्यांत तर बरीच वर्षं न वापरलेली अशी रक्कम सरकारकडे जमा करावी लागते, म्हणजे ती तुमची होईलच असंही नाही. तीन महिन्यांनी ज्याने विकत घेतलं त्याला मेसेज टाका, तुमच्याकडे बहुतेक त्याचाच नंबर असतो: "तुम्ही दिलेलं सर्टिफिकेट अजून वापरलेलं नाही, आठवण करून द्याल का, दुपारच्या वेळा लगेच मिळतील." असा मेसेज तुमच्या मंदीच्या आठवड्यात पाठवायचा, गर्दीच्या नाही.

सेंटर बंद करायचं किंवा विकायचं झालं तर

सगळ्यात आधी सर्टिफिकेट विकणं थांबवा, बाकी सगळं नंतर. मग रजिस्टरमधून उघडे नंबर काढा आणि प्रत्येकाला कळवा, शेवटची तारीख अमुक, त्याआधी या, नाहीतर पैसे परत घ्या. वेगळं खातं ठेवलं असेल तर हे एका दुपारचं काम आहे. आपल्याकडे तेवढे तास नसतील तर ओळखीच्या दुसऱ्या थेरपिस्टशी बोला, तिने तुमची कार्डं घ्यायची आणि प्रत्येक सेशनमागे तुम्ही तिला ठरलेले पैसे द्यायचे, तिलाही नवीन माणसं मिळतात. सेंटर दुसऱ्याला विकत असाल तर उघड्या सर्टिफिकेटची यादी करारालाच जोडा आणि तेवढी रक्कम एकतर किमतीतून वजा करा किंवा खात्यासकट हस्तांतरित करा, कोण काय देणं लागतो ते आकड्यात लिहून, दोघांच्या सह्यांनी.